नववीने केलेली चौकशी

सिल्वासाला सुंदर समुद्रकिनारा आहे, असं माझ्या नववीच्या अख्ख्या वर्गाने वहीत उतरवून आणलं, त्या दिवशी मी खुर्चीवरून पडायची तेवढी बाकी होते. त्याच वर्षी माझं लग्न ठरायचं की मोडायचं, हेही या दिवट्यांच्या हातात गेलं. ते कसं गेलं तेच सांगते.

मी मूळची गुहागरकडची. समुद्र कशाला म्हणतात हे मला कोणी सांगायला नको. शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून सिल्वासाच्या मराठी शाळेत आले आणि डोकमर्डीत एका काकींकडे खोली घेऊन राहिले. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाळेत एकुलता एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, खोलीत शिरताना चपला बाहेर, आणि हात लावायचा तर आधी धुऊन यायचा. देवघरसुद्धा इतकं सोवळं नसतं. पण त्याला इंटरनेट नव्हतं. ते होतं बाजारातल्या एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात, एका गुजराती काकांकडे. मी मुख्याध्यापकांचं डोकं खाऊन खाऊन परवानगी काढली आणि दर गुरुवारी दुपारी माझी वरात तिकडे निघू लागली. इंटरनेटसाठी फोनवरून वापीचा नंबर लागेपर्यंत मोडेम मान मुरगळलेल्या कोंबड्यासारखं ओरडायचं आणि मुलं टाळ्या पिटायची. मीही पिटायचे, खोटं कशाला बोलू.

पहिलाच अभ्यास दिला होता, आपल्या गावाची माहिती शोधा. कुठल्यातरी सहली नेणाऱ्या माणसाने इंटरनेटवर इंग्रजीत पान केलं होतं. दमण आणि सिल्वासा त्याने एकाच पातेल्यात ढवळले होते आणि दमणचा किनारा आमच्या गळ्यात मारला होता. मुलांनी डिक्शनरी घेऊन, जीव तोडून, ते मराठीत आणलं होतं.

"काल दुपारी पोहायला कुठे गेला होतास?" मी अथालहून येणाऱ्या एका मुलाला विचारलं. हा पोरगा ट्रकवेडा होता. रस्त्याने ट्रक गेला की याचं अर्धं लक्ष त्याच्यामागून जायचं.

"दमणगंगेवर, बाई."

"मग समुद्र कुठाय, मेल्या?"

"असेल नरोलीकडे. मी तिकडे गेलोच नाही अजून."

मी हसावं की रागवावं? बाकीचे गंभीरपणे माना डोलवत होते. यांचे आईबाप धुळ्याहून, नंदुरबारहून, जळगावहून इथल्या कंपन्यांत कामाला आलेले. या गावात आपणच नवीन, गावाचं आपल्याला काय ठाऊक, असं त्या पोरांना मनापासून वाटायचं. रोज ज्या नदीत डुंबायचे त्या नदीपेक्षा पडद्यावरच्या ओळीला गावाची जास्त माहिती असणार, असा त्यांचा हिशेब होता.

तेव्हा मला एक सुचलं. पुढच्या बाकावर डोकमर्डीचीच एक मुलगी बसायची. खानदेशातली, वडील धाग्याच्या कंपनीत, जीभ सुरीसारखी. तिच्या आत्याचं लग्न नुकतंच झालं होतं. मी तिला विचारलं, "आत्याला स्थळ आलं तेव्हा मुलाची चौकशी कशी केली गं? त्याच्या मामाला विचारलंत?"

"मामाला कोण विचारतं, बाई? मामा चांगलंच सांगणार ना. त्याला लग्न जमवायचंय. आम्ही कंपनीच्या गेटवरच्या चहावाल्याला विचारलं."

बस्स. वर्गाला जे तोंड फुटलं ते घंटा होईपर्यंत बंद होईना. सिल्वासात सगळेच बाहेरचे, कोणाचं कूळ कोणाला माहीत नाही, त्यामुळे चौकशी करण्यात या पोरांच्या घरांचा हात कोणी धरला नसता. कोण सांगतंय आणि त्याला त्यातून काय मिळतंय? त्याला कसं कळलं, स्वतः पाहिलं की ऐकीव? आणि नात्यातला नाही असा दुसरा कोण सांगेल? मुलांनीच हे तीन प्रश्न काढले, मी फक्त फळ्यावर लिहिले.

पुढच्या गुरुवारपासून एकेका पानाची अशी काही उलटतपासणी सुरू झाली की विचारू नका. एकदा दोन पानांवर दमणगंगेचं नाव सारखंच चुकलेलं सापडलं. "बाई, ही दोघं चुलतभाऊ आहेत," ती मुलगी म्हणाली. "एकमेकांचं बघून लिहिलंय. दोन साक्षीदार धरायचे नाहीत." मला इतका आनंद झाला की मी दुकानातच एक गिरकी घेतली. काकांनी चष्मा वर करून पाहिलं. मी पदर सावरून परत बाई झाले.

आणि याच आनंदात असताना गुहागरहून दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं पाकीट आलं. पुण्याचं स्थळ होतं. मुलाचा स्वतःचा कॉम्प्युटरचा धंदा, एका मित्राबरोबर भागीदारीत. आणि म्हणे इंटरनेटवर त्याचं स्वतःचं पान आहे. दादांनी पत्ता उतरवून पाठवला होता, त्यांना काही तो उघडता येईना, तर तूच बघ आणि रविवारी फोनवर काय ते सांग. सोबत मुलाने माझ्यासाठी लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी. तीत त्याने मी कशी दिसते हे विचारलं नव्हतं, मी काय शिकवते हे विचारलं होतं. मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. आवडली मला. तोवर मला बघायला येऊन पोहे खाऊन गेलेल्यांची पलटण झाली होती, पण असं कोणी विचारलं नव्हतं. होकार दिला तर मात्र शाळा सोडून पुण्याला जायचं होतं, आणि ही गुरुवारची वरात इथेच राहणार होती.

गुरुवारी मी मुलांच्या आधी दुकानात पोचले. म्हटलं, पटकन बघून बंद करावं. पण तेव्हा फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचा. केस आले. कपाळ आलं. भुवया आल्या. नाक येईपर्यंत सगळी वरात माझ्या मागे येऊन उभी.

"बाई, हे कोण?"

दुकानदार काका न विचारता म्हणाले, "बेननो मुरतियो लागे छे."

गुजराती सगळ्यांनाच येत होतं. नवरामुलगा म्हटल्यावर दुकानात जी खसखस पिकली, ती थांबवायला मी डोळे वटारले, पण कान लाल झालेल्या बाईला कोण भितं? तेवढ्यात कोणीतरी पुण्याचा पत्ता वाचला आणि सगळे एकदम चिडीचूप झाले. आदल्या वर्षी गणिताच्या बाई लग्न होऊन बडोद्याला गेल्या होत्या, त्या काही परत आल्या नव्हत्या.

"चौकशी करायला पाहिजे," खानदेशी मुलगी म्हणाली. आवाज अगदी पोलिसाचा.

"हा माझा खाजगी प्रश्न आहे."

"पान तर सगळ्यांसाठी आहे ना, बाई."

आता हे मीच शिकवलेलं. त्यांनी पान खाली खाली सरकवलं. खाली एका काचेच्या उंच इमारतीचा फोटो होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, आमचं ऑफिस. मला तर भारीच वाटलं. ट्रकवेडा मात्र पडद्याला नाक लावून उभा.

"बाई, हे पुणं नाही."

"कशावरून?"

"गाड्या उजव्या बाजूने चालल्यात. सगळ्याच्या सगळ्या. आणि ट्रकला नाक केवढं लांब आहे बघा. असला ट्रक आपल्याकडे नाही."

खरंच होतं. फोटो परदेशातला होता. पोरांना काय तो हर्ष. खोटा निघाला, नापास, बाई कुठे जात नाहीत, असा गलका करत त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं. मीही त्यांच्यात हसले. घरी आले, काकींनी वाढलेलं ताट तसंच ठेवलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. खोटेपणाचा राग होताच, पण त्याहून जास्त त्या चिठ्ठीचं वाईट वाटत होतं. तीही कुठून तरी उचललेली असेल तर?

रविवारी दादांना सांगितलं, आठवडाभर थांबा. का थांबा, ते मला धड सांगता येईना. नाही म्हणायला जीभच उचलत नव्हती, एवढंच खरं.

पुढच्या गुरुवारी वरात नेहमीपेक्षा फार शहाण्यासारखी चालली होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. दुकानात पोचल्यावर काकांनी हसत हसत एक कागद पुढे केला. पुण्याहून ई-मेल आला होता, माझ्या नावाने नाही, नववीच्या वर्गाच्या नावाने. खानदेशी भवानीने परस्पर काकांच्या खात्यावरून त्याला लिहिलं होतं: आमच्या बाईंना तुमचं स्थळ आलं आहे. आम्ही चौकशी करत आहोत. फोटोतल्या गाड्या उजवीकडून का चालतात, खुलासा करावा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण उत्तर तिने मोठ्याने वाचायला घेतलंच होतं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, त्यामुळे अडखळत:

"नववीच्या वर्गास नमस्कार. ते ऑफिस माझं नाही. कुठल्या देशातलं आहे तेही मला माहीत नाही. आमचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांत आहे. गिऱ्हाईक गिरणी बघून परत जातं, म्हणून मोठी इमारत लावली होती. चुकलंच. गाड्यांचं माझ्या भागीदारालाही दिसलं नव्हतं, तुमच्या बाई फार छान शिकवतात असं वाटतं. फोटो बदलला आहे. एक विचारायचं होतं, बाई रागावल्या आहेत का?"

"बाई, रागावलात का?" वर्गाने एका सुरात विचारलं.

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलत होते. मग आम्ही पान उघडलं. पट्टीपट्टीने आधी विजेच्या तारा उतरल्या, मग दोन खिडक्या, मग पाटी: येथे सर्व प्रकारचं दळण दळून मिळेल. पाटीखाली डबे घेऊन उभ्या बायका, आणि वरच्या एका खिडकीत, अवघडून हात वर केलेला, तो.

ट्रकवेड्याने रस्ता तपासला. एक टेम्पो होता, डावीकडून चाललेला. दुसऱ्या एकाने सुचवलं की ही गिरणीही दुसऱ्या कोणाची असेल. सगळ्यांना ते लगेच पटलं, पटायलाच हवं होतं. सगळे आशेने त्या मुलीकडे बघू लागले.

तिने पडद्यावरची पाटी परत एकदा वाचली. मग म्हणाली, "खोटी गिरणी लावून कोणाला काय मिळणार?"



"परत एकदा शोधू ना," ट्रकवेडा म्हणाला. "काहीतरी सापडेल."

"सापडायला मला नको होतं का?" ती त्याच्यावर खेकसली. डोळे भरून आले होते. "बाई जायला नकोत म्हणूनच तर मी लिहिलं त्याला. म्हटलं, अजून खोटं बोलेल. पण नाही बोलला. माणूस खरा आहे."

मी तिला जवळ घ्यायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला आणि नाक पुसत काकांकडे वळली. तेव्हा इंटरनेट चालू असलं की त्या लाइनवरून फोन लागत नसे.

"काका, इंटरनेट बंद करा," ती म्हणाली. "बाईंना गुहागरला फोन लावायचाय."