थोरल्या जाऊबाईंचं अस्वल

दुबईत राहून सोन्यापेक्षा ब्राँझवर जीव टाकणारी मराठी बाई एकच, आणि ती म्हणजे माझी थोरली जाऊ. सिलिकॉन ओएसिसमधल्या त्यांच्या फ्लॅटचं दार उघडलं की आधी दिसतो फ्रेंच बैल, मग फ्रेंच चित्ता, आणि त्यांच्यामागे कुठेतरी आमचे भावोजी. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ओतलेली ही जनावरं जाऊबाई जुन्या सामानाच्या दुकानांतून हुडकून आणतात आणि घरभर सजवतात. बैल नेमका टीव्हीपुढे असल्यामुळे भावोजींना क्रिकेटमधली अर्धी ऑफसाइड गेली कित्येक वर्षं दिसलेली नाही. एकदा सासूबाई भारतातून आल्या. पितळ काळं पडलंय असं समजून त्यांनी चिंच लावून चित्त्याची एक बाजू लख्ख केली. तो काळसरपणाच तर जुन्या ब्राँझचं वैभव! जाऊबाई मट्कन खाली बसल्या. मग उठल्या, उजळ बाजू भिंतीकडे फिरवली आणि मला म्हणाल्या, "आईंचा हात लागला ना, आता हा आपल्या घरचा झाला."

त्यांचा सगळ्यात मोठा विजय मात्र अबुधाबीतला. एक वृद्ध फ्रेंच बाई कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या आणि त्यांच्याकडचं ब्राँझचं अस्वल विकायचं होतं. आम्ही दोघी पोचलो तर सुटाबुटातला एक डेकोरेटर आधीच हजर, हॉटेलसाठी अस्वल न्यायला! जाऊबाईंचा चेहराच उतरला. बाईंनी दोघांनाही इंग्रजीत एकच विचारलं, "हे कुठे राहील?"

"लॉबीत, काचेच्या पेटीत, वरून स्पॉटलाइट," डेकोरेटर ऐटीत म्हणाला.

जाऊबाईंनी पदर खोचला आणि आपल्या धडाकेबाज इंग्रजीत सांगितलं, "डायनिंग टेबलशेजारी. तिथे आमचे हे रोज जेवणाला नावं ठेवतात. ऐकायला कुणीतरी हवं ना!"

बाई खळखळून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझेही ठेवायचे नावं." आणि अस्वल जाऊबाईंच्या हातात आलं.

"यल्ला, चल, गाडी काढ!" जाऊबाईंनी मला फर्मावलं. अस्वल पुढच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट; जाऊबाई मागे, लढाई जिंकून आल्यासारख्या. तिथूनच घरी फोन, "पाहुणा आणतेय, टेबलाजवळ जागा करा!" पलीकडून लेक ओरडला, "मॉम, नॉट अगेन!" भावोजींनी मात्र मुकाट्याने आपली खुर्ची सरकवली असणार.

दुबईच्या वेशीवरचं जबल अली मागे पडलं तशा जाऊबाई पुढच्या सीटकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "निघताना त्या बाईंनी अस्वलाच्या पाठीवरून हात फिरवला, पाहिलंस? आम्हीही एक दिवस इथलं आवरून निघणारच गं. तेव्हा माझी ही सगळी कुणाकडे जातील?"

मी नुसतं "बघू, इन्शाल्ला" म्हटलं. दुबईतल्याच माझ्या हॉलमध्ये खिडकीखालची जागा मी कधीची मोकळी ठेवली आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.