पोपटी झग्याची भिंत

साठी उलटली तरी पेंटरचा हात असा स्थिर, की पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. गल्लीतल्या झाडून सगळ्या दुकानांच्या पाट्या त्याच्या. पाटी वीतभर का असेना, खाली ‘स्थापना’ आणि साल घातल्याशिवाय तो ब्रश धुवायचा नाही. म्हणायचा, "साल नसलं की दुकान कालचं वाटतं."

त्याच्यासोबत राहणारा शिंपी, म्हणजे मास्तर, आठवडाभर शाळेचे गणवेश शिवायचा. शनिवारी मात्र दुकानामागच्या हॉलमध्ये त्यांची माणसं जमायची. सुटाबुटात ऐटीत फिरणाऱ्या बायका, मिशांखाली लिपस्टिक लावणारे बाप्ये, आणि बाई की बाप्या या चौकशीला भीक न घालणारी मंडळी. सगळ्यांचे कपडे मास्तरच्या हातचे. तो स्वतः शंभर चुण्यांचा पोपटी झगा घालून नाचायचा. हॉलबाहेर मात्र गेली एकतीस वर्षं तो पेंटरचा भाडेकरू.

पेंटरला त्या शब्दाचा वीट आला होता. हॉल वडिलांचा, म्हणजे अर्धा त्याचा, अर्धा ताईचा. त्या हॉलची मागच्या रस्त्याकडची भिंत त्यानं ऑइल पेंटनं रंगवली. सगळी मंडळी नाचताना, माणसाएवढी. मधोमध पोपटी झग्यातला मास्तर, आणि त्याचा हात धरलेला तो स्वतः.

ताई तणतणत आली. "नातीचं लग्न ठरतंय. लोक तोंडात शेण घालतील. बाकीचे नाचू देत, तुम्हा दोघांवर तेवढा पांढरा मार."

"ते चालतात आणि मी नाही?"

"ते परके रे. तू माझा भाऊ आहेस."

"आणि मास्तर कोण आहे माझा?"

ताईनं तोंड फिरवलं. मास्तरच पुटपुटला, "जाऊ दे ना. मार पांढरा."

पेंटरला हे ताईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. "तुझ्या तोंडावरून मी ब्रश फिरवणार नाही. मेलो तरी नाही."

मग अर्ध्या भिंतीच्या मालकिणीनं पदर खोचला आणि घरात उरलेला डिस्टेंपर दोघांवर स्वतःच फासला. तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग! पेंटरच्या सख्ख्या बहिणीला एवढंही ठाऊक नसावं? तो समोरच्या पायरीवर बसून सगळं बघत होता.

तीन आठवड्यांत पापुद्रे सुटले. आधी झग्याच्या चुण्या दिसल्या, मग हातातले हात. चेहरे तेवढे पांढरेच राहिले.

त्या शनिवारी शाळा सुटायच्या वेळी, भर उन्हात, मास्तर पोपटी झगा घालून रस्त्यावर आला. हातात कापड मोजायची लाकडी पट्टी. गणवेश शिवून घेणाऱ्या आया जागच्या जागी थबकल्या. मास्तरनं मान वर केली आणि भिंतीवरचं आपलं तोंड खरवडायला घेतलं.

ताई धावत आली. "मास्तर, लोक बघतायत!"

"बघू देत. एकतीस वर्षं तुमच्या घरातल्या सगळ्यांचे कपडे मीच शिवले ना, ताई? आता माझं तोंड मला परत हवंय."

बोलता बोलता मास्तरनं पेंटरचंही तोंड मोकळं केलं होतं.

"बघत काय बसलास?" तो पेंटरवर खेकसला. "ब्रश आण. साल राहिलंय."

पेंटरनं ब्रश आणला आणि पट्टी न लावताच दोघांच्या पायाशी लिहिलं: स्थापना १९९३.

"आणि खालची ओळ?" मास्तरनं विचारलं.

पेंटरनं लाल डबा उघडला, आणि रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढ्या ठसठशीत अक्षरांत तीही घातली: आमची कोठेही शाखा नाही.