रानापुढची साखर

"हात वर करा. दोन्ही. आता बाह्या झटका."

शेवंता एवढ्या जोरात ओरडली की गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला आणि बांधावरून चाललेला एक अनोळखी माणूस, त्याचा काही संबंध नसताना, हात वर करून उभा राहिला. निदान मला तरी तसं दिसलं. मी पडवीत तिच्या खाटेपाशी पाट टाकून बसलो होतो आणि मधल्या स्टुलावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता. गेला दीड महिना तिच्या तोंडून एका वेळी दोनापेक्षा जास्त शब्द निघत नव्हते. त्यामुळे तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की हात वर करायचं राहूनच गेलं. मग केले. उजव्या बाहीतून एक पत्ता निसटला आणि फरशीवर उताणा पडला. त्यावर राक्षसाचं चित्र होतं.

"उचला," ती म्हणाली. आवाज परत बारीक झाला होता. "आन् घाला परत कॅटमधी. वर न्हाई, खाली न्हाई... मधी."

तो आमचा शेवटचा डाव. त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. त्याला आता अडीच महिने झाले.

शेवंता माझी बायको. निरगुडसर गावात आम्हाला ओळखणारे लोक सांगतील, की या घरात एक माणूस फेकायचा आणि दुसरं माणूस झेलून, उलटंपालटं करून, वास घेऊन परत फेकायचं. पेठ गावात माझं पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की माणूस दोन दिवस माझ्या बाकड्यावर बसायचा आणि मी त्याला गोष्टी सांगायचो. पेठेजवळच्या घाटात भर दुपारी एक बिबट्या माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसला, आणि उतारावर मी ब्रेक मारला तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर पंजा ठेवून 'सावकाश' अशी खूण केली, ही गोष्ट तालुक्यात अजून चालते. शेवंतानं ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा थेट बाहेर गेली, सीटवर केस सापडतात का ते पाहिलं, आणि आत येऊन म्हणाली, "कुत्र्याचंबी न्हाईत."

तिचंही चूक नव्हतं. लग्न ठरताना मी तिच्या वडिलांना सांगितलं होतं की पेठेत माझं दोन मजली दुकान आहे. वरात पेठेवरून आली तेव्हा तिनं शालू सावरत गाडीतून मान बाहेर काढली आणि मजले मोजले. पत्र्याची शेड, तिला मजला कुठला? त्या दिवसापासून तिनं माझं एकही वाक्य तपासल्याशिवाय घरात घेतलं नाही. पाऊस पडतोय म्हटलं तर दारात जाऊन हात बाहेर काढायची. मला आयुष्यात फार काही नको होतं हो... या बाईनं माझं एक, फक्त एक वाक्य जसंच्या तसं घ्यावं, एवढंच. पस्तीस वर्षं मी त्याच नादात होतो. आणि मला खरं बोलायची सवय नाही, ही त्यातली खरी अडचण.

मुलगी मीनल नोकरीला पुण्यात गेली, मी दुकान बंद केलं, आणि घरात आम्ही दोघं उरलो. दुपारी ती मालिका बघायची, मी तिला बघायचो. एकदा जुन्नरच्या बाजारात रशीदभाईंच्या खेळण्यांच्या दुकानात टेकलो होतो. त्यांनी वरच्या फळीवरून एक खोकं काढून फुंकर मारली. जी धूळ उडाली ती शिवनेरीवरच्या लोकांनी पाहिली असणार. "भाऊ, ह्यो घेऊन जावा," ते म्हणाले. "पत्त्यांचा खेळ. राक्षस हायेत, जादूगार हायेत. सगळ्यांनी मिळून खेळायचं, आपसात कुनी हरवायचं न्हाई कुनाला. इथं कुनी घेईना राव. म्हंतात, समोरच्याला हरवायचं न्हाई तर खेळायचं कशाला?"

मला वाटलं, हीच ती वस्तू. एका बाजूनं खेळायचं म्हणजे तिला माझ्यावर विश्वास ठेवावाच लागणार.

शेवंतानं खोकं चिमटीत धरून उन्हात नेलं. तिच्या लेखी पत्ते म्हणजे पारामागची जुगारी मंडळी आणि त्यांच्या बायकांची रडगाणी. वर ह्या पत्त्यांवर शिंगंवाले, दातवाले, तीन डोळ्यांचे. "मिळून खेळायचं?" तिनं विचारलं. "मंग आपापलं पत्तं लपवून का धरायचं? एका ताटात जेवनारी मान्सं काय पदराखाली भाकरी लपिवत्यात?"

"नियम आहे तसा."

"कुनी केला?"

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि माझं इंग्रजी मोटारीच्या पाटीपुरतं, फेज, व्होल्ट आणि आरपीएम. पण मी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचल्यासारखं केलं. ती पुस्तकाकडं न बघता माझ्या कपाळाकडं बघत होती. खोटं बोलताना माझ्या कपाळाची डावी शीर उडते असं तिचं म्हणणं होतं. ती उठून गेली. आठ दिवस मी विनवण्या केल्या, लाडू आणले, उपास करीन म्हणालो. उपास दुपारपर्यंत केलाही. तिच्या मनातली शंका मात्र वाढतच गेली: हा माणूस एवढा मागं लागलाय म्हणजे नक्की कशावर तरी अंगठा घेणार.

मग मी दुसरी युक्ती केली. पडवीत एकटाच डाव मांडून बसलो आणि दोन्ही हातांनी खेळायला लागलो. उजवा हात तलवारवाल्याचा, तो मी. डावा हात वैदिणीचा. तिच्याकडं जखमा बऱ्या करायचे पत्ते असतात. वैदिणीला मी मुद्दाम गाढवासारखं खेळवायचो आणि मोठमोठ्यानं रागवायचो, "अगं बाई, माणूस मरतोय आणि तू मुळ्या कसल्या वाटतेस!" तीन दिवस स्वयंपाकघरातून भांडी जास्तच जोरात वाजली. चौथ्या दिवशी ती पदराला हात पुसत आली, माझ्या डाव्या हातातले पत्ते हिसकावले आणि समोर बसली. "त्या बाईला उगा मारू नका. द्या इकडं. आन् तुमचं हात मला दिसतील असं ठिवा."

असा खेळ सुरू झाला. रोज दुपारी, चारच्या चहाआधी. ती मला पत्ते पिसू द्यायची नाही, आणि पिसले तर परत पिसायची. खोक्यातले पत्ते रोज मोजून ठेवायची, जणू मी एखादा राक्षस बाजारात विकून येईन. पण वैदीण मात्र अशी खेळायची की काय सांगू... माझा तलवारवाला शेवटच्या घटका मोजत असायचा आणि ती कुठून तरी नेमकी मुळी काढायची. वर म्हणायची, "ह्यो तुमच्यासाठी न्हाई. तुमी मेला तर डाव मला एकलीला वढावा लागंल, मला चहा ठेवायचाय."

अडलं ते रानापाशी. खेळाच्या शेवटी राक्षस एका रानात दडून बसतो, आणि वैदिणीकडं वणव्याचा पत्ता येतो. तो टाकायचा, रान जाळायचं, राक्षस बाहेर येतो, मग तलवार. चित्र बघून मलाही एवढं कळलं होतं. शेवंतानं तो पत्ता बघितला आणि मांडीखाली सरकवला.

"टाक की."

"न्हाई टाकायची. ह्यात झाडं हायेत."

इथं तिच्या माहेराचं सांगायला हवं. ती आहुप्याची. तिथल्या देवराईतून वाळकं पानसुद्धा कुणी घरी नेत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तेव्हा रानातून येताना मी चढणीला टेकायला एक पडकी काठी उचलली. घराच्या अंगणात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं मला पाणीसुद्धा न देता माघारी पाठवलं आणि जिथली काठी तिथं ठेवून यायला लावलं. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. ही गोष्ट मी वाढवून सांगत नाही, तिच्यात वाढवायला जागाच नाही.

सात दुपारी आम्ही सलग हरलो. वणवा तिच्या मांडीखाली, राक्षस रानात, आणि माझा तलवारवाला रानाच्या तोंडाशी उभा राहून म्हातारा होतोय. आठव्या दुपारी मी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, "हे बघ, इथं बारीक अक्षरात आहे. ज्याला रान राखायचं असेल त्यानं वणवा बाजूला ठेवावा. दोघांनी आपला एकेक चांगला पत्ता रानाला द्यावा आणि पुढं नारळ ठेवावा. रान आपण होऊन वाट देतं."

ती बराच वेळ माझ्या कपाळाकडं बघत राहिली. "इंग्रजांच्या खेळात नारळ?"

"नारळ नसेल तर साखर चालेल, असंही आहे."

"बघू." तिनं पुस्तक घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं, परत दिलं. मग उठली, डब्यातून चिमूटभर साखर आणली आणि रानाच्या पत्त्यावर ठेवली. त्या दिवशी आम्ही जिंकलो. तेव्हापासून प्रत्येक डावात रानापुढं साखर. पत्ता चिकट झाला, खोक्याला मुंग्या लागल्या, पण ती साखर ठेवल्याशिवाय पुढं जाईना. मला वाटलं, गड आला. अखेर एक वाक्य आत गेलं. तरी मनात पाल चुकचुकायचीच. एवढ्या सहज कशी घेतली हिनं?

पुढच्या उन्हाळ्यात तिचं जेवण तुटलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. कितीही वाढवून सांगायची सवय असली तरी ते मला अजून पूर्ण सांगता येत नाही. बाहेर ती बाकावर बसली होती. घरी आल्यावर तिनं रिपोर्ट माझ्यापुढं ठेवला.

"वाचा काय लिवलंय."

मी चष्मा लावला. बोट ठेवलं. "कावीळ आहे. जुनी, अंगात मुरलेली. पथ्य पाळायचं, तेल-तिखट बंद, दोन-तीन महिन्यांत उतरते."

"असं लिवलंय?"

"असंच."

मी कपाळावर हात ठेवून बसलो होतो, डोकं दुखतंय म्हणून. तिनं कागद घेतला, घडी केली, उशीखाली ठेवला. "बरं," म्हणाली.

आणि त्या दिवसापासून शेवंतानं माझ्यावर संशय घ्यायचं बंद केलं. मी पत्ते पिसायचो, ती बघायचीसुद्धा नाही. मोजणं बंद. औषध कसलं म्हणून विचारणं बंद. पाऊस पडतोय म्हटलं तर "पडू द्या" म्हणायची. ज्या गोष्टीसाठी मी पस्तीस वर्षं तिच्या मागं लागलो होतो ती आयती हातात पडली, आणि संशय मला जडला. आता मी तिच्या कपाळाकडं बघायला लागलो. हिला काय कळलंय? कुणी सांगितलं? डॉक्टरांवर, शेजारणींवर, देवपूजेला येणाऱ्या गुरवावरही मी संशय घेतला. विचारायचं मात्र धाडस झालं नाही. विचारलं तर मलाही सांगावं लागलं असतं.

म्हणून त्या दुपारी ती ओरडली तेव्हा मला वाटलं, सुटलो. जुनी शेवंता परत आली. अंगात जोर असल्याशिवाय माणूस संशय घेत नाही. राक्षस मी बाहीत घातला होता तो तिच्यासाठीच. दमलेली होती, एक डाव तरी सोपा जावा. तो मधे घालायला लावून तिनं रानापुढं साखर ठेवली. अर्धी चादरीवर सांडली. रानानं वाट दिली, पण राक्षस नको तेव्हा निघाला आणि आम्ही हरलो. तिनं पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या. "हरलो तर हरलो," म्हणाली. "बाहीत ठिवून काय व्हतंय..." आणि डोळे मिटले.

परवा मीनल आली होती. आईची कपाटं आवरताना तिनं खोकं खाली काढलं. झाकण उघडलं तर मुंग्यांची ओळ थेट रानाच्या पत्त्यापर्यंत गेलेली. साखर कधीच संपली होती, तरी त्या येत होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "मीनल, तुझ्या आईला मी एक नियम खोटा सांगितला होता. यात साखर-बिखर काही नाही."

"माहितीये, आण्णा," ती म्हणाली. तिनं मोबाइल काढला आणि वर वर सरकवत जुन्या मेसेजपर्यंत गेली. नियमांच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो. खाली शेवंताचा आवाज, दबका, बहुतेक गोठ्यात जाऊन बोललेली: "बघ गं, ह्यात नारळ लिवलाय का?" मीनलनं लिहिलेलं, नाही, रान जाळायचं असंच आहे. आणि त्याखाली परत तो आवाज: "ऱ्हाऊ दे मंग. त्येन्ला सांगू नगंस. ह्योच नियम बरा हाय."

मी हसलो. खरंच हसलो, बऱ्याच दिवसांनी. हसता हसता माझं बोट पडद्यावर लागलं आणि मेसेज खाली सरकले. तिथं आणखी एक फोटो होता. घडी पडलेला कागद, कोपऱ्यात उशीचा अभ्रा. त्याखालच्या आवाजावर बोट टेकलं आणि मीनलनं अडवायच्या आत तो सुरू झाला.

"बघ गं, ह्यात कावीळ लिवलीय का?"

पुढं काही ऐकू आलं नाही, मीनलनं आवाज बंद करून मोबाइल उलटा ठेवला होता. मुंग्या पत्त्यावरून तिच्या बोटावर चढल्या, त्या तिनं एकेक करून खाली सोडल्या. मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"जे लिहिलं होतं ते."