पेपरात नाव यायच्या आत

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी आम्ही घरांचे एजंट चहाला जमलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. कमिशन बुडतं, किस्से तेवढे साठत जातात. मला तर एकाच फ्लॅटनं वर्षभर पुरतील एवढे दिले.

फ्लॅट मोरे काकांचा. सन दोन हजारच्या सुमाराची गोष्ट. अंबडचं त्यांचं छोटं वर्कशॉप बंद पडलं होतं. घर बँकेकडे गहाण, आणि मंदीत घराची किंमत कर्जाच्याही खाली गेलेली. विकून येईल तेवढं घेऊन बँकेनं खातं बंद करावं, एवढंच मागणं. काकांच्या हाती काहीच उरणार नव्हतं.

"ताई, मला पैसा नको," ते म्हणाले. "लिलावाची नोटीस पेपरात यायच्या आत विकून द्या. आमच्या लेकीच्या, सुमनच्या सोयरिकीचं चाललंय."

*

बँकेच्या मॅनेजर साहेबांना गिऱ्हाइकाची ऑफर दाखवली. ते म्हणाले, किंमत वाढवून आणा. मी विचारलं, साहेब, वर एक मजला चढवू का? ते हसले आणि फाइल हेड ऑफिसला पाठवली.

तिकडून उत्तर यायच्या आत त्यांचीच बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली. आठवड्यानं मला बोलावून त्यांनी विचारलं, किंमत थोडी वाढेल का?

*

मग घराची किंमत ठरवायला बँकेचा व्हॅल्युअर येणार असं ठरलं. मी काकूंना एवढंच सांगितलं, की बँकेचे साहेब येताहेत. घोळ तिथेच झाला. काकूंनी हॉल स्वतः रंगवला, पितळेची भांडी घासली, दाराला तोरण लावलं आणि शिरा केला.

व्हॅल्युअर दोन वाट्या शिरा खाऊन गेला. 'घर उत्तम स्थितीत' असं लिहून त्यानं किंमत चढवून ठेवली! आमची ऑफर बारगळली.

माझं डोकं फिरलं होतं, पण काकूंवर चिडता येईना. घर जाणार म्हणून ते कळकट ठेवायचं, हे कुठल्या बाईला सुचेल?

*

शेवटी सटाण्याकडचे एक गुरुजी थोडी जास्त किंमत द्यायला तयार झाले. मी बँकेत खेटे घालून मंजुरीचं पत्र मिळवलं. पत्रातली मुदत नेमकी पितृपक्षात संपत होती आणि गुरुजी पितरपाटात सही करायला तयार नव्हते. घर घ्यायचं तर घटस्थापनेलाच, यावर ते अडून बसले.

मी साहेबांकडे मुदत मागायला गेले. बँकेच्या नियमात पितृपक्ष बसत नाही, असं त्यांनी ऐकवलं. मग मी सहज विचारलं, की साहेब, तुमची नवी गाडी आली का? ते म्हणाले, बुक केलीय, पण आणणार नवरात्रातच.

मग त्यांनी पेन काढलं आणि 'तांत्रिक अडचणीमुळे' मुदत वाढवून दिली.

*

घटस्थापनेला सह्या झाल्या, बँकेचे पैसे चुकते झाले. आणि पुढच्या रविवारी सकाळी पेपर उघडते तो काय, मोरे काकांच्या नावानिशी लिलावाची नोटीस! बँकेच्या एका टेबलानं पैसे घेतले होते, दुसऱ्यानं नोटीस छापायला धाडली होती.

मला धडकी भरली, कारण त्याच सकाळी सुमनच्या सासरची मंडळी बोलणी पक्की करायला येणार होती. स्कूटर काढली आणि नाशिकरोडला काकांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. काकांनी पेपर गादीखाली सारला होता. काकू स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हत्या.

तेवढ्यात मुलाचे वडील दारात आले. सायखेड्याचे, दोन ट्रक चालवणारे गृहस्थ. तोच पेपर त्यांच्या हातात होता. काका उठून उभे राहिले.

पाहुण्यांनी चपला काढल्या, गादीवर बसले आणि पेपर बाजूला ठेवला.

"तुमचं आतल्या पानावर तरी हाय," ते म्हणाले. "मागल्या साली आमचं पार पहिल्या पानावर व्हतं. बरं, तारीख कवाची धरायची?"