कापसाच्या खोलीतले फेरे

मोठ्या बाई गेल्याचा निरोप गावाहून आला, तेव्हा मी यवतमाळात अंगणात गादी उन्हात टाकत होते. हातातलं तसंच टाकून महागावची मोटार पकडली. त्यालाही आता महिना होऊन गेला.

मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. छप्पन साली मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा त्या तिशीच्या असतील, आणि दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. वेचणीचा कापूस एका खोलीत आढ्यापर्यंत भरत. तो मावावा म्हणून पायांनी दाबावा लागे, आणि हे काम मोठ्या बाईंचं. पाय धुऊन, कोरडे करून त्या आत जात, दार लावून घेत. एकदा मी फटीतून पाहिलं. डोळे मिटलेले, हात किंचित उचललेले, बाई अगदी सावकाश गोल फिरत होत्या... एक पाऊल पुरतं रुतलं की मगच दुसरं. माहेरी फुगडीत त्यांचा हात कुणी धरत नसे म्हणे, इतक्या वेगानं त्या फिरायच्या. विधवा झाल्यावर ते सगळं संपलं होतं. ही खोली तेवढी उरली होती.

हे मी पोटात ठेवायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना मी हसत सांगून टाकलं, "आमच्या मोठ्या बाई कापसात एकल्याच फुगडी खेळतेत!" बायका खिदळल्या. सासूबाईंनी हातातलं कुंकवाचं ताट खाली ठेवलं. आत तिळगूळ वळत बसलेल्या मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून कापूस दाबायला गडी लागला.

त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांची झोप उडाली, भाकरी थापताना हात मध्येच थांबू लागले. मला स्वतःची लाज वाटायची. पुढच्या हंगामात राहवेना, तेव्हा सासूबाईंना म्हटलं, "गडी कोपरे दाबत नाही, कापूस मावत नाही. मी न् मोठ्या बाई दाबतो."

"दार लावून घ्या," एवढंच म्हणाल्या.

आत गेल्यावर मी धपाधप उड्या मारू लागले.

"काहून धावून राह्यली वं? कोन मांगं लागलं तुह्या?" मोठ्या बाई म्हणाल्या. "पाय खाली बसू दे. मंग दुसरा उचल."

मी विचारलं, फिरताना मनात काय म्हणता?

"काईच नाही. पाय चालते तं डोकं उगी बसते... मले तेवढंच पाह्यजे."

मी तिथंच त्यांची माफी मागितली. "फिर आता," त्या म्हणाल्या. पुढं आम्ही यवतमाळला आलो तरी कापसाच्या दिवसांत मी गावी जायचे, ते त्यासाठीच.

तेरवी झाल्यावर त्या खोलीच्या दाराशी गेले. भिंतीकडचा कापूस त्यांनी दाबलेला, सपाट. दाराकडचा तसाच भुसभुशीत पडला होता. मी पाय धुतले, कोरडे केले आणि आत चढले.

"दार लावून घे वं," ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या.

"राहू द्या उघडं," मी म्हणाले, आणि पहिलं पाऊल पुरतं खाली बसेपर्यंत थांबले.