शेवटचं पान तुम्हीच टाका

कॉलेजच्या फाटकासमोर टायपिंगचं एक दुकान आहे. गेली सोळा वर्षं तिथे एकच खुर्ची आहे आणि त्या खुर्चीत एकच बाई. तिला सगळे मावशी म्हणतात. प्राध्यापक म्हणतात, शिपाई म्हणतो, पोरं तर म्हणतातच. मावशींचे यजमान त्याच दुकानात मागच्या बाजूला, डिंकाच्या वासात बसून, मुलांच्या प्रकल्पांना पुठ्ठे घालतात. त्यांना बाइंडर म्हणतात. बायको शब्द जुळवते, नवरा पानं जुळवतो, असा तो संसार. मूलबाळ नाही. असतं तर त्यानेही प्रकल्प शेवटच्याच दिवशी आणून आदळला असता, असं बाइंडर म्हणतात.

मावशींना पदवी हवी होती. बढतीसाठी नव्हे, कुणाला दाखवायला नव्हे. दुसऱ्या वर्षाला असताना त्यांची आई अंथरुणाला खिळली. घरात थोरला भाऊही कॉलेजात होता. मावशींना कुणी 'तू शिक्षण सोड' असं म्हटलं नाही. सगळ्यांनी फक्त त्यांच्याकडे बघितलं. आई अकरा वर्षं अंथरुणात होती. भाऊ शिकला, नोकरीला लागला, दूर गेला. मावशी टायपिंग शिकल्या आणि त्याच कॉलेजच्या दारात येऊन बसल्या, पण फाटकाच्या अलीकडे. हे त्यांना कायम सलत राहिलं आणि हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

चाळिशी उलटल्यावर त्यांनी बाहेरून परीक्षा देण्यासाठी नाव घातलं. आठ वर्षांच्या आत सगळं संपवायचं, नाहीतर नाव रद्द, असा नियम. दुकान सांभाळून वर्षाला दोन पेपर. एका पेपरने तर तीन वेळा तोंडघशी पाडलं. "ताप आल्याशिवाय आपल्या घरात डिग्री येणार नाही बघ," असं बाइंडर चिडवायचे आणि मावशी परीक्षेला गेल्या की मुकाट्याने टायपिंगला बसून प्रत्येक ओळीत चार चुका करायचे. शेवटी एकच गोष्ट उरली, प्रकल्प. आणि वर्ष उरलं तेही एकच, आठवं.

प्रकल्प म्हणजे चाळीस पानांचा शोधनिबंध, आणि त्याच्या शेवटी तीन पानांचं आत्मपरीक्षण. विषय का निवडलात, माहिती कशी शोधलीत, काय अडलं, पुन्हा लिहायचं झालं तर काय वेगळं कराल. या तीन पानांना मुलं 'शेवटचं पान' म्हणत. निबंध कसाबसा पुरा करून पोरगं दुकानात यायचं तेव्हा त्याच्यात जीव उरलेला नसायचा. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली. "मावशी, तेवढं शेवटचं पान तुम्हीच टाका ना," असं काकुळतीला येऊन म्हणायचं.

आणि मावशी टाकायच्या. त्याचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. बरं, टाकायचं म्हणून काहीतरी खरडायचं, असंही नाही. आधी त्या पोराचा निबंध नीट वाचायच्या. याने काय शोधलं असेल, कुठे अडला असेल, याला काय कळलं असतं तर बरं झालं असतं, याचा विचार करायच्या आणि मग लिहायच्या. 'मला वाटत होते, माहिती गोळा केली की निबंध होतो. प्रश्न नीट विचारता आला नाही तर माहितीचे नुसते गाठोडे होते, हे मला उशिरा कळले.' 'लोक जे सांगतात त्यापेक्षा ते कुठे थांबतात ते मी लिहून ठेवायला हवे होते.' अशी वाक्यं. मुलं ती न वाचताच सही करून नेत. दुकानाबाहेर पडेपर्यंत विसरलेली असत. मावशींना मात्र त्या लिहिण्याची चटकच लागली होती. स्वतःला कधी न मिळालेला अभ्यास त्या असा दुसऱ्यांच्या नावावर, तीन-तीन पानांचा, करून घेत होत्या. हे चूक आहे, हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण रडवेलं पोर समोर उभं राहिलं की त्यांचं कळणं पातळ व्हायचं, खरी गोष्ट ही आहे.

स्वतःच्या प्रकल्पासाठी त्यांनी विषय घेतला, वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचायला येणारी माणसं. चार महिने दुपारी दुकान बाइंडरच्या गळ्यात घालून त्या वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. बेचाळीस माणसांशी बोलल्या. कोण किती वेळ बसतो, कुठलं पान आधी उघडतो, पान न उलटता किती वेळ बघत राहतो, सगळं वहीत. एक निवृत्त पोस्टमन पहिले नऊ दिवस त्यांच्याशी बोललेच नाहीत. दहाव्या दिवशी म्हणाले, "पेपर घरीपण येतो हो. पण घरात माझ्या नावाची खुर्ची नाही. इथं निदान रांगेतली तिसरी माझी." मावशींनी निबंध लिहिला तो या तिसऱ्या खुर्चीभोवती.

आणि मग आत्मपरीक्षण. आता ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी कम्प्युटर बंद केला, एकही जुनी फाइल उघडली नाही, कोरे कागद घेतले आणि पेनाने लिहायला बसल्या. वाक्यं अशी सरसर आली की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. एका बैठकीत तीन पानं. खाडाखोड नाही. मग तीच जशीच्या तशी टाइप केली. आपल्यात हे इतकं साठलेलं होतं तर, असं वाटून त्यांचा ऊर भरून आला. बाइंडरनी लाल कापडाचा पुठ्ठा घातला, कण्यावर सोनेरी अक्षरं उठवली. हजारो पोरांची नावं उठवलेला तो हात बायकोच्या नावावर अडखळला आणि शेवटचं अक्षर जरा तिरकं बसलं. "पुन्हा करतो," ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, "राहू द्या. ते तिरकं अक्षरच माझं."

प्रकल्प दिल्यावर तीन आठवड्यांनी बोलावणं आलं.

प्रकल्पांचं काम बघणाऱ्या मॅडमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मॅडम तिशीच्या, बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या. त्याच कॉलेजात शिकून तिथेच लागलेल्या. मावशींनी त्यांना बघताक्षणी ओळखलं. मावशींना मुलांची नावं राहत नसत, निबंध मात्र लख्ख आठवत. ही ती, बोलता न येणाऱ्या मुलांच्या शाळेवर लिहिणारी. हिची आई दवाखान्यात होती. दुकानाच्या पायरीवर बसून रडली होती आणि मग म्हणाली होती, "मावशी, शेवटचं पान तुम्हीच टाका."

"बसा," मॅडम म्हणाल्या. 'मावशी' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "निबंध फार चांगला झालाय. सत्तरपैकी चौसष्ट दिलेत परीक्षकांनी."

मावशी हसल्या. एवढंच हसू त्यांच्या वाट्याचं होतं.

"पण आत्मपरीक्षण..." मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. "यंदापासून सगळे प्रकल्प मशीनवर तपासतो आम्ही. जुन्या प्रकल्पांशी ताडून. तुमच्या शेवटच्या तीन पानांतला सत्तर टक्के मजकूर जुळतोय. अकरा जणांशी."

मावशींनी कागद बघितला. नावं नव्हती, नुसती वर्षं आणि क्रमांक. पुढे वाक्यं. 'माहितीचे नुसते गाठोडे होते.' 'लोक कुठे थांबतात.' अकराच्या अकरा त्यांना ओळखू आले. हा दूधवाल्यांवर लिहिणारा. ही पुलाखालच्या शिंप्यांवर. चौथ्या ओळीत बोलता न येणाऱ्या मुलांची शाळा होती.

आणि जुने प्रकल्प मशीनमध्ये आले कुठून, हेही त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजचा माणूस दुकानात आला होता, जुन्या प्रकल्पांच्या फाइली कुणाकडे आहेत का म्हणून विचारत. मावशी कधीच कुठली फाइल पुसत नसत. 'लेकरांची मेहनत आहे' म्हणायच्या. चौदा वर्षांच्या फाइली, वर्षवार लावलेल्या, त्यांनी मोठ्या अभिमानाने एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दिल्या होत्या. कॉलेजने आभाराचं पत्र दिलं होतं. ते दुकानात चौकट करून लावलेलं आहे. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि त्याचं पत्र भिंतीवर मिरवलं!

"मी कुठलीही फाइल बघितली नाही," मावशी म्हणाल्या. "मी हाताने लिहिलंय. कागद आहेत माझ्याकडे. हे मला जे वाटलं तेच आहे."

"मग या अकरा जणांनाही तेच कसं वाटलं?" मॅडम म्हणाल्या. प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट कागदावर चौथ्या ओळीच्या जरा खाली टेकलेलं होतं आणि तिथून हलत नव्हतं.

मावशी वाट बघत राहिल्या. ही आता काहीतरी म्हणेल. निदान माझ्याकडे बघेल.

"दोन रस्ते आहेत," मॅडम अखेर हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही चूक मान्य केलीत तर प्रकल्प बाद होईल आणि विषय इथेच संपेल. मान्य नाही केलीत तर समिती बसेल. अकराही जणांना बोलावतील. त्यांच्या पदव्या... काहींच्या नोकऱ्या आहेत त्यावर."

"आणि मग माझा प्रकल्प पास होईल?"

"नाही. दुसऱ्यांना लिहून दिलं, हाही गुन्हाच धरतात. आणि तुमचं हे आठवं वर्ष."

म्हणजे पदवी दोन्हीकडून गेलेलीच होती. उरला प्रश्न एवढाच, की जाताना कुणाकुणाला घेऊन जायचं. अकरा चेहरे मावशींपुढे उभे राहिले, सुजलेले डोळे, वरखाली बटणं. त्यांच्यातल्या एकीचा चेहरा समोरच होता आणि टेबलाकडे बघत होता. मावशींना त्या क्षणी तिचा संताप आला. इतका, की तोंडाशी शब्द आले. मग चौथ्या ओळीखाली तसंच टेकलेलं तिचं बोट दिसलं आणि ते शब्द गिळावे लागले. कळणं पुन्हा पातळ झालं.

"द्या कागद," त्या म्हणाल्या.

मॅडमनी छापील अर्ज काढला. वर नाव आणि क्रमांक. खाली, 'मी काय चूक केली आणि त्यातून काय शिकलो, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. किमान शंभर शब्द.' मावशींनी ते दोनदा वाचलं. सोळा वर्षं असल्याच प्रश्नांची उत्तरं दिली होती त्यांनी.

"पेन आहे ना?" मॅडम म्हणाल्या.

पेन होतं. शब्द मात्र येईनात. 'मला उशिरा कळले' असं मनात आलं. ते दूधवाल्यांवर लिहिणाऱ्याला दिलेलं. 'पुन्हा संधी मिळाली तर' आलं. ते शिंप्यांवालीला. जे जे वाक्य येई त्याच्यावर कुणाची ना कुणाची सही होती. आपल्याला आयुष्यात जे जे म्हणून कळलं ते आपण वाटून बसलो, आणि आता वापरलं तर चोरी ठरेल. मावशी कोऱ्या ओळींकडे बघत राहिल्या, वाचनालयातली ती माणसं पान न उलटता बघत राहायची तशा.

शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली. 'दुसऱ्यांचे लिहिणे मी माझे म्हणून दिले.' हे वाक्य त्यांनी आजवर कुणाला दिलेलं नव्हतं. ते खरंही नव्हतं. खाली सही केली आणि कागद फिरवून टेबलावर ठेवला.

मॅडमनी वाचलं. "शंभर शब्द लागतात," त्या कशाबशा म्हणाल्या.

मावशी उठल्या. पेन मॅडमसमोर ठेवलं.

"बाकीचं तुम्हीच टाका, बाळ," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.