गेरूचा पोपट

सात रस्ता चौकात एक बाई दारातली कुंडी गेरूनं रंगवत होती. ओल्या गेरूचा वास आला आणि बँकेत निघालेली मी थांबलेच.

बारावीनंतरच्या सुट्टीत आमच्या मेंढरांच्या पाठीवर ओळखीसाठी गेरूचा पट्टा ओढायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी पट्ट्याऐवजी पोपट काढले. वडील रागावतील असं वाटलं. पण रंग पुसेल म्हणून हात मागं घेऊन ते नुसते बघतच राहिले.

"लई झ्याक की! तू चित्रकलेलाच जा. फीसाठी दोन मेंढरं इकू."

"त्यात पगार कुटं हाय, आबा?" म्हणत मी कॉमर्सचा फॉर्म भरला.

चित्रकला का सोडली, असं कुणी विचारलं की मी आजही सांगते, "वडिलांनी जाऊ दिलं नाही."